अंगणातील पाखरांच्या लीला

म्हैसूर शहरातून बाहेर पडून नंजनगूडच्या किंवा श्रीरंगपट्टणच्या रस्त्याने थोडे पुढे गेले की भाताची आणि नाचणीची शेते लागतात. मधूनमधून कौलारू घरे दिसतात. घराला लागून गोठा, परसात विहीर, चार नारळीची झाडे आणि एखादा शेवगा, एवढा त्यांचा पसारा. अशा घराच्या ओसरीवर सकाळी तासभर स्वस्थ बसणाऱ्याला जे पाहावयास मिळते, त्यासाठी दुर्बिणीचीही गरज नाही. पाखरे भांडतात, माना वेळावतात, एकमेकांवर धावून जातात, उलटी लोंबकळतात. पाहणाऱ्याची मोठी करमणूक होते. परंतु या करमणुकीला एका प्रश्नाची जोड द्यावी : पाखराने ही गोष्ट केली नाही, तर त्याचे काय बिघडेल? हा प्रश्न मनात ठेवून पाहिले म्हणजे पाहण्याचा आनंद दुणावतो.

अंगणात सर्वांत अधिक गोंगाट सातभाईंचा. मातकट रंग, विस्कटलेली पिसे आणि सदैव चालणारी कलकल. कन्नड भाषेत या पक्ष्यास ‘हरटेमल्ल’ म्हणतात. म्हणजे गप्पांच्या आखाड्यातील पहिलवान. नाव मोठे मार्मिक आहे. थव्यात ते दर वेळी सातच असतात असे नाही. कधी पाच, कधी दहा. पाचोळा उलथून किडे टिपण्यात सारे गढलेले असताना त्यांच्यातील एखादा उंच फांदीवर नुसताच बसलेला दिसेल. तो आळशी नव्हे, पहारेकरी आहे. शिक्रा दिसताच त्याची हाक येते आणि क्षणात सारा थवा झुडपात दडतो. पिलांना भरविण्याचे कामही आईबापांपुरते राहत नाही. थव्यातील इतर पक्षी त्यात हातभार लावतात. जाणकारांनी यास ‘सहकारी संगोपन’ असे नाव दिले आहे. गोंगाट हा या सहकाराचा धागा होय, कारण झुडपात विखुरलेल्यांना एकमेकांचा ठावठिकाणा आवाजानेच कळतो. त्यांची पोरवयाची पिले मात्र एकमेकांना जमिनीवर लोळवून खुशाल कुस्ती खेळतात. प्रत्येक चेष्टेमागे तातडीचे प्रयोजन शोधण्याचा हट्ट धरू नये. पाखरांतही खेळ हा खेळ असू शकतो.

अशा सावध पक्ष्यांनाही फसविणारा एक आहे. पावसाच्या तोंडावर ‘पेरते व्हा’ अशी हाक देणारा पावशा आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. रंगारूपाने आणि उडण्याच्या ढबीने तो पुष्कळसा शिक्र्यासारखा दिसतो, त्यामुळे लहान पक्षी त्याला पाहून बिचकतात. पुढे त्याचे पिलू आपल्या मागे हाका मारीत हिंडते आणि सातभाई त्याला भरवीत राहतात. पाहणाऱ्यास हसू येते. परंतु तेवढा चारा सातभाईंच्या स्वतःच्या वंशाच्या वाट्यातून गेलेला असतो.

गाई चरू लागल्या की कोतवाल त्यांच्या पाठीवर स्वार होतो. काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा हा पक्षी गुरांची सेवा करीत नाही. खुरांमुळे गवतातून उडणारे टोळ त्याला आयते मिळतात, एवढाच मतलब. घरट्याजवळ आलेल्या घारीवर किंवा कावळ्यावर तो ज्या वेगाने झडप घालतो, ती मात्र पाहण्यासारखी असते. त्याच्या वचकाचा आसरा घेऊन त्याच झाडावर हळद्यासारखे भित्रे पक्षीही घरटे बांधतात. कावळा तरी काय कमी? एकाने कुत्र्याची शेपटी ओढावी आणि दुसऱ्याने त्याच्या पुढ्यातील तुकडा पळवावा, हा डाव त्यालाच साधतो. आर. के. लक्ष्मण यांचा जन्म १९२१ साली म्हैसूर येथेच झाला. या व्यंगचित्रकाराने आयुष्यभर कावळे रेखाटले, याचे नवल वाटत नाही.

विणीच्या दिवसांत दयाळ पक्षी खिडकीच्या काचेवर किंवा मोटारसायकलच्या आरशावर तासन् तास टोची मारताना आढळतो. काचेत त्याला प्रतिस्पर्धी दिसत असतो. खरा प्रतिस्पर्धी असता तर धमकावताच निघून गेला असता. प्रतिबिंब मात्र माघार घेत नाही, उलट जशास तसे उत्तर देते. म्हणून हे युद्ध संपत नाही आणि घरटे, पिले यांसाठी लागणारा वेळ व्यर्थ जातो. अशा वेळी हसत बसण्यापेक्षा आरशावर फडके टाकावे, काचेला बाहेरून कागद लावावा. शत्रू दिसेनासा झाला की दयाळ पुन्हा गाऊ लागतो.

सांजवेळी गोठ्याच्या वळचणीला बसलेला पिंगळा मान वरखाली, डावी-उजवीकडे हलवून आपल्याकडे पाहतो, जणू नमस्कारच करतो. घुबडांचे डोळे खोबणीत घट्ट बसलेले असतात. ते आपल्याप्रमाणे फिरविता येत नाहीत. एकच वस्तू निरनिराळ्या जागांवरून पाहिली म्हणजे तिचे अंतर अजमावता येते, म्हणून ही मानेची कसरत. अंतर चुकले तर भक्ष्य हुकले.

म्हैसूर संस्थानातील पक्ष्यांची पाहणी डॉ. सालिम अली यांनी १९३९-४० मध्ये केली. श्रीरंगपट्टणजवळील कावेरीच्या पात्रातील रंगनतिट्टू बेटांना १९४० साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, तो त्यांच्याच आग्रहावरून. परंतु त्यापूर्वी दहा वर्षे, नोकरी नसलेल्या दिवसांत, आजच्या रायगड जिल्ह्यातील किहीम येथे एका लहानशा घरी राहत असताना त्यांनी अगदी जवळचाच एक पक्षी न्याहाळला होता. तो पक्षी म्हणजे सुगरण. म्हैसूरकडील विहिरींवरही तिची घरटी झुलताना दिसतात.

मराठीने या पक्ष्यास स्त्रीलिंगी नाव दिले आणि विणकामाचे श्रेय मादीला बहाल केले. वस्तुतः विणणारा नर असतो. गवताच्या पात्याला कडेशी खाच पाडून तो लांब पट्टी सोलून आणतो आणि शेकडो फेऱ्यांनंतर शिरस्त्राणासारखे अर्धे घरटे तयार होते. मग पंख फडफडवीत, ओरडत तो माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, घरटे पारखते. पसंत पडले तर ती राहते आणि नर खालची लांब नळी विणून काम पुरे करतो. तिथेच न थांबता तो शेजारी दुसरे घरटे आरंभितो व दुसऱ्या मादीस बोलावतो, हे सालिम अली यांना किहीमला दिसून आले. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले.

पसंत न पडलेली घरटी अर्धीच राहतात. पावसाळा सरल्यावर विहिरीवरील फांद्यांना ती पुऱ्या घरट्यांच्या शेजारी लोंबताना दिसतात. पुरी घरटीही तोवर रिकामी झालेली असतात. त्यांतील एखाद्यात पांढऱ्या कंठाची मुनिया आयता संसार थाटते.