फायबरच्या होडीवरील डाग

खाडीकाठच्या शेतकऱ्यास मालाची ने-आण करण्यास फायबरची होडी सोयीची पडते. परंतु नांगराच्या गंजाचे तांबूस डाग तिच्या अंगावर पडले, म्हणजे तारेचा ब्रश किंवा काचकागद हाती घेण्याचा मोह होतो. तो टाळावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. होडीचे वरचे गुळगुळीत कवच सुमारे अर्धा मिलिमीटरच जाड असते. ते झिजले की पाणी आत मुरते व फोड येतात. शिवाय तारेचे लोहकण पृष्ठभागात रुतून पुन्हा गंजतात. म्हणजे डाग घालविता घालविता नवे डाग पेरले जातात.

गंज साबणाने विरघळत नाही. ऑक्झॅलिक आम्लाने विरघळतो. होडी काठावर घेऊन प्रथम साबणाने धुवावी. मग प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम आम्ल विरघळवून, आधी एका कोपऱ्यात लावून पाहावे व नंतर फडक्याने डागावर लावावे. १०-१५ मिनिटांनी, ते वाळण्यापूर्वीच, भरपूर गोड्या पाण्याने धुवावे. डाग उरल्यास हीच कृती पुन्हा करावी.

हे आम्ल विषारी आहे. हातमोजे व चष्मा वापरावा. मुले व गुरे दूर ठेवावीत. धुवण विहिरीकडे जाऊ देऊ नये. ब्लीचिंग पावडरीत ते कदापि मिसळू नये, कारण त्यातून क्लोरिन हा घातक वायू निघतो.

शेवटी होडी वाळवून मेण चोळावे. त्यायोगे पुढील डाग सहजी धरत नाहीत, आणि कष्टाच्या पैशाने घेतलेली होडी दीर्घकाळ उपयोगी पडते.