परत आलेले डबे

मेसच्या मावशींना दोन वेळचे डबे न उघडता परत आलेले दिसले, म्हणून माझी मुलगी वेळेत दवाखान्यात पोहोचली. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे. यंदा ज्यांची मुलं पहिल्यांदा घर सोडून शिकायला निघाली आहेत, त्यांनी निदान एवढं तरी वाचावं.

आम्ही अहमदपूरचे. लेकीला बारावीनंतर कॅप राउंडमधून पुण्याच्या बाजूला इंजिनिअरिंगला जागा मिळाली. कॉलेजच्या वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव लागलं नाही, म्हणून कॉलेजला चालत जाता येईल अशा एका खासगी होस्टेलवर कॉट घेतली. तीन मुलींची खोली, डबा बाहेरच्या मेसचा. सुरुवातीचे आठवडे बरे गेले. मग गौरी-गणपती आले आणि होस्टेल रिकामं झालं. खोलीतल्या दोघी गावी गेल्या. हिच्या ग्राफिक्सच्या शीट्स राहिल्या होत्या, म्हणून ती थांबली.

त्याच दिवसांत तिला ताप भरला. फोनवर म्हणायची, "आई, थोडी कणकण आहे, गोळी घेतलीय." व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसत होता, बोलणं नेहमीसारखं होतं. अंग फार दुखायला लागलं तेव्हा तिने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणली. नंतर ताप उतरला. तिला वाटलं बरं झालं, आम्हालाही तसंच वाटलं. पण तिला उठवत नव्हतं, पोटात दुखत होतं, अन्न नको झालं होतं. होस्टेलच्या रेक्टर सणाला गावी गेल्या होत्या. खाली वॉचमन होता आणि रजिस्टर होतं. कोण बाहेर गेलं ते त्यात लिहिलेलं होतं. आत कोण राहिलं आहे याची नोंद कुणीच ठेवत नव्हतं.

डबे परत आल्यावर मावशी स्वतः जिने चढून वर गेल्या. त्यांची स्वतःची लेक नर्सिंगला बाहेरगावी आहे, त्यामुळे असेल, त्यांनी फोन करून विचारण्यात वेळ घालवला नाही. मुलीला रिक्षात घातलं आणि जवळच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर डेंग्यू, आणि प्लेटलेट्स खूप खाली आलेल्या. तिथे पहिला प्रश्न आला, पालक कुठे आहेत? तिला अठरा पूर्ण व्हायला काही महिने बाकी होते. मावशी कागदावर सही करू शकत नव्हत्या. डॉक्टरांनी उपचार थांबवले नाहीत, आमच्याशी फोनवर बोलून संमती घेतली आणि सलाइन सुरू केलं. आम्ही मिळेल त्या गाडीने रात्रभर प्रवास करून सकाळी पोहोचलो. ती वाचली, बरी झाली, पुढे त्याच कॉलेजात शिकत राहिली.

डेंग्यूबद्दल दोन गोष्टी प्रत्येक पालकाला आणि मुलाला पाठ असायला हव्यात. एक, ताप उतरणं म्हणजे बरं होणं नव्हे. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो आणि नेमका तेव्हाच धोक्याचा काळ सुरू होतो. पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, ग्लानी, यातलं काहीही दिसलं की थेट रुग्णालय. दुसरी गोष्ट, तापात अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घ्यायच्या नाहीत, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. घ्यायची ती पॅरासिटामॉल, तीही डॉक्टर सांगतील तेवढीच. दुकानदाराने दिलेली 'अंगदुखीची गोळी' यातली कोणती असते हे सतरा वर्षांच्या मुलीला कळत नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. होस्टेलच्या गच्चीवरचे ड्रम, बंद पडलेले कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या खोली बघायला जाल तेव्हाच बघा. ऑगस्टपासून पुढचे दोन-तीन महिने, म्हणजे मुलं नवीन जागी रुळत असतात नेमके तेच दिवस, या आजाराचे असतात.

या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. मुलाला रोज डोळ्यांनी पाहणारं एक तरी मोठं माणूस त्या गावात हवं, आणि त्या माणसाशी आपली स्वतःची ओळख हवी. फोन कितीही चांगला असला तरी कपाळाला हात लावता येत नाही. फॉर्मवर 'स्थानिक पालक' असा रकाना असतो. बहुतेक घरांत तिथे शहरातल्या एखाद्या नातेवाइकाचं नाव टाकलं जातं. पण होस्टेल आकुर्डीला आणि काका हडपसरला असतील, तर गणपतीच्या गर्दीत काकांना पोहोचायला किती वेळ लागेल याचा विचार करा. नातं दूरचं चालेल, राहणं जवळचं हवं.

असं माणूस शोधायचं तर मुलाला सोडायला जाल तेव्हा एक दिवस जास्त थांबा. ज्या मेसचा डबा लावला आहे तिथे जाऊन बसून जेवा. मेस चालवणाऱ्या मावशींना, काकांना आपला नंबर द्या, त्यांचा घ्या आणि स्पष्ट सांगा की लागोपाठ दोनदा डबा परत आला तर आम्हाला फोन करा. कुणाला याचं ओझं वाटत नाही, उलट आईवडील स्वतः येऊन बोलले याचं त्यांना बरं वाटतं. खोलीतल्या बाकीच्या मुलांच्या आईवडिलांचे नंबरही त्याच दिवशी घ्या. आपलं मूल जे आपल्याला सांगत नाही ते खोलीतली मुलं त्यांच्या आयांना सांगतात, आणि त्या आयांनी आपल्याला सांगितलं तर ती चुगली नाही.

होस्टेल बघताना वायफाय, गरम पाणी, सीसीटीव्ही हे सगळे विचारतात. मी सांगते ते विचारा: दिवाळीत, गणपतीत एखादी मुलगी मागे राहिली तर तिला रोज कोण बघतं? रात्री दोन वाजता त्रास झाला तर गेट कोण उघडतं आणि गाडी कोण बोलावतं? जवळचा रात्री चालू असलेला दवाखाना कोणता? होस्टेलवाल्याला या प्रश्नांची उत्तरं चटकन देता आली नाहीत तर दुसरी जागा बघा, मग ती जागा दिसायला कितीही चकचकीत असो. रॅगिंगबाबतच्या यूजीसीच्या २००९ च्या नियमांत कॉलेजबाहेरच्या खासगी वसतिगृहांचाही विचार केलेला आहे. बाहेर राहतो म्हणून कॉलेजला काही देणंघेणं नाही, असं कुणी सांगितलं तर ते मान्य करू नका. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हा देशभराचा क्रमांक आहे आणि महाराष्ट्रात तर १९९९ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

सोडायला जाल तेव्हाच्या त्या जास्तीच्या दिवसात मुलाला घेऊन जवळच्या फॅमिली डॉक्टरकडे एकदा जाऊन या. काही दुखत नसलं तरी जा. पहिल्यांदा एकट्याने दवाखान्याची पायरी चढणं या वयात अवघड जातं. एकदा आपल्याबरोबर गेलेलं मूल पुढे स्वतः जातं. १०८ ला फोन केला की सरकारी रुग्णवाहिका फुकट येते हेही त्याला ठाऊक हवं. आणि घराचा एक नियम ठरवून टाका: दोन दिवसांपेक्षा जास्त ताप राहिला की रक्त तपासायचं. शीट्स, प्रॅक्टिकल, अटेंडन्स, सगळं नंतर.

कागद मुलाच्या फोनमध्येही हवेत आणि एका पाकिटातही. आधार, रक्तगट, कसली अॅलर्जी असेल तर ती चिठ्ठी, आरोग्य विमा असेल तर त्याचं कार्ड, रेशन कार्डाची प्रत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार घ्यायचे झाले तर रेशन कार्ड विचारतात, आणि ते सहसा गावाकडे कपाटात असतं. मूल अठराच्या आत असेल तर जवळ राहणाऱ्या ज्या व्यक्तीवर तुमचा भरवसा आहे तिच्या नावाने सहीनिशी एक पत्र देऊन ठेवा की आमच्या गैरहजेरीत ही व्यक्ती मुलाला दवाखान्यात दाखल करू शकते. तातडीचा उपचार कोणताही चांगला डॉक्टर अडवत नाही, पण खाली काउंटरवर असं पत्र उपयोगी पडतं.

पैशांचंही तसंच. नवा फोन घेऊन दिला असेल तर यूपीआय निघण्याच्या बऱ्याच आधी सुरू करून घ्या. नव्याने सुरू केलं की पहिले २४ तास पाच हजारांची मर्यादा असते, आणि रुग्णालयाची अनामत त्यात भागत नाही. थोडी रोख रक्कम बॅगेत वेगळी ठेवायला सांगा. आणखी एक गोष्ट आता प्रत्येक कॉलेजच्या आसपास चालते, ती मुलाला बसवून समजावून सांगा. "तुझं खातं फक्त वापरायला दे, महिन्याला पैसे देतो," असं कुणी म्हणालं आणि मुलाने दिलं, तर त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरवला जातो. खातं गोठतं, आणि पोलिसांच्या कागदात नाव येतं ते मुलाचं. कुठे फसलाच तर लगेच १९३० वर फोन करायचा.

खर्चाचा प्रश्न अनेक घरांत सगळ्यांत मोठा असतो. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ केलं आहे. पण राहण्या-जेवण्याचा खर्च त्यात नाही. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अर्जाची मुदत पहिल्याच सत्रात येऊन जाते, आणि तेव्हा मूल नव्या जागी गोंधळलेलं असतं. हे काम पालकांनी आपल्याकडे घ्यावं.

आता फोनवरच्या बोलण्याबद्दल. "जेवलीस का?" या प्रश्नाचं उत्तर नेहमी "हो" असतं. त्याऐवजी विचारा, आज डब्यात भाजी कसली होती, वर्गात शेजारी कोण बसतं, रविवारी कुणाबरोबर बाहेर गेलीस. भाजी सांगता येत नसेल तर जेवण झालेलं नाही. एकही नाव सांगता येत नसेल तर मूल एकटं पडलं आहे. तालुक्यात पहिलं आलेलं, मराठी माध्यमातून शिकलेलं मूल पहिल्यांदाच अशा वर्गात बसतं जिथे शिकवणं सगळं इंग्रजीत आणि हुशार सगळेच. पहिल्या सत्रात गणिताचा विषय राहिला की त्याला वाटतं आपण इथले नव्हेच. त्या वेळी "आम्ही एवढा खर्च करतोय" हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. माझ्या ओळखीतल्या घरांमध्ये मी पाहिलं आहे, ते एकदा ऐकलेलं मूल पुढच्या वेळी नापास झाल्याचं सांगत नाही. झोप उडाली आहे, बोलणं तुटलं आहे, जगण्यात काही अर्थ नाही असं बोलू लागलं आहे, असं दिसलं तर पुढची सुट्टी येईपर्यंत थांबू नका, निघा आणि जाऊन भेटा. १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं, पालकही तिथे सल्ला घेऊ शकतात.

आणि एखादं मूल खरोखरच म्हणालं की मला इथे राहायचं नाही, मला परत यायचं आहे, तर आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्या. फी बुडेल, मूळ कागद कॉलेजकडे अडकतील, या भीतीने मुलाला तिथेच ठेवू नका. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे संस्थेला मुलाची मूळ प्रमाणपत्रं स्वतःकडे अडकवून ठेवता येत नाहीत. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधीपर्यंत प्रवेश सोडला तर किरकोळ कपात करून सगळी फी परत मिळते, त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, ती तारीख उलटल्यावर पहिल्या १५ दिवसांत ८० टक्के आणि ३० दिवसांपर्यंत निम्मी. कॅपमधून झालेल्या प्रवेशांची कट-ऑफ तारीख सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत छापलेली असते, ती आजच बघून ठेवा. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. त्यानंतर फी मिळायची बाकी असली तरी चालेल, मुलाला घरी आणा.