पुष्करचा पशुमेळा : पाहण्याजोगे आणि शिकण्याजोगे



कार्तिकी एकादशीला पंढरपुरात वारकऱ्यांची दाटी होते, हे आपण घरी आजी-आजोबांकडून ऐकत आलो आहोत. त्याच एकादशीला राजस्थानात, अजमेरजवळच्या पुष्कर तीर्थावर सरोवरस्नानाचे पर्व सुरू होते आणि ते पौर्णिमेपर्यंत चालते. विशेष म्हणजे दोन्ही ठिकाणी यात्रेला जोडूनच जनावरांचा बाजार भरत आला आहे. यंदा दिवाळीनंतर आम्ही आठवी-नववीच्या मुलामुलींना घेऊन पुष्करचा मेळा पाहून आलो. तिथे जे समजले ते सर्वांसाठी या पाठात देत आहोत.

तीर्थ आणि आपला संबंध

अजमेर आणि पुष्कर यांच्या मध्ये नाग पहाड उभा आहे. घाट ओलांडला की वाळूच्या कडेला ५२ घाटांचे सरोवर दिसते. ब्रह्मदेवाच्या हातून कमळ पडले आणि तेथे हे सरोवर झाले, अशी कथा आहे. यज्ञाच्या वेळी सावित्री वेळेवर आली नाही म्हणून ब्रह्मदेवाने गायत्रीशी विवाह केला. सावित्री रागावून टेकडीवर जाऊन बसली, असे सांगतात. तिचे देऊळ आजही टेकडीवर आहे.

आपल्या ग्वाल्हेरकरांना माहीत असावी अशी एक गोष्ट : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अजमेर बराच काळ शिंद्यांच्या ताब्यात होते, ते १८१८ साली इंग्रजांकडे गेले. ब्रह्मदेवाच्या मंदिराची आजची वास्तू दौलतराव शिंदे यांचे मंत्री गोकुळ पारख यांनी १८०९ च्या सुमारास बांधवून घेतली. म्हणजे राजस्थानातील या देवळाशी ग्वाल्हेरचे जुने नाते आहे.

यात्रेलाच बाजार का?

मुलांनी बसमध्येच विचारले, "देवाच्या गावी उंट-घोडे कशाला?" उत्तर सोपे आहे. कार्तिकात पाऊस संपलेला असतो, वाटा कोरड्या असतात, खरिपाचे पीक हाती आल्याने शेतकऱ्याजवळ चार पैसे असतात. रब्बीच्या पेरणीसाठी बैल हवा असतो. सरोवरामुळे तीर्थाच्या गावी माणसांची सोय होते. शिवाय पत्र नाही, फोन नाही अशा काळात तिथी हेच आमंत्रण होते. पौर्णिमा कधी हे दूरच्या ढाणीतल्या माणसालाही आकाशात पाहून कळे. महाराष्ट्रातही हेच दिसते : जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार, सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा, नांदेड जिल्ह्यातील माळेगावला खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा.

जनावर कसे पारखतात?

मेळ्यात उंट, घोडे, बैल, गायी, म्हशी येतात. मारवाडी घोड्याची खूण मुलांनी लगेच ओळखली. त्याच्या कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडतात. नागौरी बैल उंच, पांढरा आणि चपळ असतो. उंटांच्या गळ्यात कवड्या-मण्यांचे गोरबंद असते आणि अंगावरचे केस कातरून नक्षी काढलेली असते.

गिऱ्हाईक मात्र नक्षी पाहत नाही, तोंड उघडून दात पाहते. बैलाला पुढचे वरचे दात नसतात, खाली आठ असतात. सुमारे दोन वर्षांचा झाला की दुधाच्या दातांची पहिली जोडी पडून कायमची येते, मग वर्ष-सहा महिन्यांच्या अंतराने पुढच्या जोड्या येतात. आपल्याकडे आदत, दुसा, चौसा हे शब्द त्यावरूनच आले. जन्माचा दाखला नसतानाही वय असे वाचता येते. दातांनंतर खूर, चाल, डोळे पाहायचे आणि मगच भाव बोलायचा.

उंट कमी का होत आहेत?

हा या पाठाचा मुख्य भाग. एकेकाळी उंटांसाठी प्रसिद्ध असलेल्या या मेळ्यात अलीकडे उंटांपेक्षा घोडे जास्त येतात. पशुगणनेचे आकडे पाहा :

भारतातील उंट : २०१२ – सुमारे ४ लाख, २०१९ – सुमारे २.५ लाख
राजस्थानातील उंट : २०१२ – ३.२६ लाख, २०१९ – २.१३ लाख

कारणे अनेक. ओझे वाहायला ट्रॅक्टर आणि जीप आल्या. चराऊ राने कमी झाली. राजस्थान सरकारने २०१४ साली उंटाला राज्यपशू ठरवले. २०१५ साली कायदा करून त्याच्या कत्तलीस बंदी घातली आणि राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आणले. हेतू रक्षणाचा होता. पण बाहेरचे गिऱ्हाईक तुटले, भाव पडले, असे पशुपालकांचे म्हणणे आहे. घट मात्र कायद्याआधीच सुरू झाली होती, हेही लक्षात ठेवावे. उंटीण सुमारे तेरा महिने गाभण राहते आणि साधारण दोन वर्षांनी एक पिल्लू देते. त्यामुळे कमी झालेली संख्या लवकर भरून येत नाही.

पिढ्यान् पिढ्या उंट पाळणाऱ्या राईका समाजातील एका आजोबांना आमच्या विद्यार्थिनीने विचारले, "तुमचा मुलगा उंट राखणार का?" ते म्हणाले, मुलगा शहरात कामाला आहे, त्याचे चुकले असे मी म्हणत नाही. मुले बराच वेळ गप्प होती. चूक कोणाचीच नसताना एक विद्या संपू शकते, हे त्यांना तेथे समजले.

आशेच्याही गोष्टी आहेत. बिकानेरला १९८४ पासून उंटांवरील राष्ट्रीय संशोधन केंद्र काम करते. २०१९ साली अमूलने कच्छमधील उंटिणीचे दूध बाजारात आणले. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ हे वर्ष उंटवर्गीय प्राण्यांचे म्हणून पाळले. दुधाला भाव मिळाला तर उंट पाळणे परवडेल.

पालक व विश्वस्तांना विनंती

पुष्कर पाहायला बहुतेक लोक पौर्णिमेला जातात, पण खरा व्यवहार त्याआधीच्या दिवसांत होतो. पौर्णिमेपर्यंत बरीच जनावरे परतीला लागलेली असतात. २०२० मध्ये साथीमुळे मेळा भरला नाही आणि २०२२ मध्ये लंपी रोगामुळे जनावरांचा बाजार रद्द झाला. म्हणून आधी चौकशी करून, पुढच्या वर्षीची सहल एकादशीपूर्वी नेण्यास परवानगी मिळावी. सुट्टीचे दोन दिवस मागेपुढे करावे लागतील, पण मुलांना बाजार चालू असताना पाहता येईल.

स्वाध्याय

१. वरील आकड्यांवरून भारतातील व राजस्थानातील घट टक्क्यांत काढा. कोठे जास्त आहे?
२. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या गावच्या जनावरांच्या बाजाराविषयी विचारा. तिथी, देव आणि जनावर लिहून आणा.
३. प्राण्याचे रक्षण करणारा कायदा त्याच्या पालकाचेही रक्षण करील, यासाठी त्यात काय असावे? दहा ओळी लिहा.