बोट बधिर झालं, पण रक्ताचं काय?

पायाचं बोट रात्री ठणकतं, मेडिकलमधून आणलेलं लिग्नोकेनचं मलम लावलं की जरा डोळा लागतो. ते रोज लावलं तर चालेल का, असं बरेच जण विचारतात. त्यांनी आधी एक करून बघावं. कॉटवरून पाय खाली सोडून बसल्यावर कळ कमी होते का? होत असेल, तर बोटाला रक्त कमी पडत असण्याची शक्यता मोठी. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की मोकळी होते, ही बहुधा त्याआधीची पायरी असते.

लिग्नोकेन फक्त वेदनेचा निरोप अडवतं. रक्त थेंबभरही वाढवत नाही. पायाच्या जाड कातडीतून मलम फारसं आतही जात नाही. उघड्या जखमेवर मात्र बधिर करतं, आणि तिथंच घात होतो. नव्या कोल्हापुरी चपलेचा अंगठा करकचून बसतो, कातडं सोलतं आणि माणसाला पत्ताच लागत नाही. रक्त नाही म्हणून जखम भरत नाही, मग बोट काळं पडतं. मधुमेहींचा पाय अनेकदा आधीच बधिर असतो, त्यांनी तर जास्तच जपावं. गरम पाण्याची पिशवी नको, बिब्बा तर मुळीच नको.

आपल्याकडे कोल्हापुरात, निपाणीच्या तंबाखू पट्ट्याला लागून, विडी ओढणाऱ्या तरुणांच्या बोटांना होणारा बर्जरचा आजारही लक्षात ठेवायला हवा. लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. त्यात तंबाखू पूर्ण सुटल्याशिवाय कुठलाच उपाय टिकत नाही. ‘दिवसाला दोनच’ चालत नाही, मिशरीही नाही. हे मी रुग्णाच्या घरच्यांनाही बसवून सांगतो.

लिग्नोकेनसारख्या भुलीच्या औषधाला या दुखण्यात जागा आहे, पण ती तज्ज्ञाच्या हातात. कमरेजवळच्या सिम्पथेटिक नसांभोवती ते सोडलं की रक्तवाहिन्या सैलावतात आणि काहींची कळ उतरते. मूळ अडथळा तसाच राहतो. त्यासाठी अँजिओप्लास्टी किंवा बायपास जमेल का, हे डॉपलर आणि अँजिओग्राफी तपासणीवरून ठरतं. घोट्यापाशी मोजलेलं वरचं प्रेशर भागिले दंडाचं, हा आकडा ०.९ पेक्षा कमी आला तर वाहिनी अरुंद झाली समजा. मधुमेहात वाहिन्या कडक झाल्याने तो फसवू शकतो.

पाय अचानक गार, पांढरा पडला, बोटं हलेनाशी झाली, तर सकाळची वाट बघू नका. हाताशी साधारण सहा तास असतात. शेकू नका, चोळू नका, पाय उंच ठेवू नका. गाडी करून तडक कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा.