काचेच्या नळीतून दिसलेलं अंतराळ

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारात रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या एका काकांकडून मी अंगठ्याएवढी चपटी काचेची ट्यूब घेतली. आत बारीक पत्र्याचे शून्य ते नऊ असे आकडे एकामागे एक उभे आहेत. वर रशियन अक्षरं आहेत. काका म्हणाले, "रॉकेटमधला माल आहे, जपून वापरा." हे खरं असेल का? आणि अशा ट्यूबांचा अंतराळ संशोधनाशी खरोखर काही संबंध होता का?

उत्तर : आधी तुमच्या ट्यूबची ओळख पटवू. तिच्या अंगावर उलटा काढलेला इंग्रजी 'एन', त्यापुढे 'एच' आणि मग १२ असा आकडा दिसतो का पाहा. दिसत असेल तर ती सोव्हिएत बनावटीची आयएन-१२. आणखी एक खूण आहे. आतला पाचाचा आकडा नीट निरखा. तो वेगळा घडवलेला नसतो, दोनाचाच आकडा उलटा करून बसवलेला असतो. एक साचा वाचला, काम भागलं. उजेडात ट्यूब तिरकी धरली की हे साध्या डोळ्यांना दिसतं.

या जातीला निक्सी ट्यूब म्हणतात. १९५५च्या सुमारास अमेरिकेतल्या बरोज कंपनीने ती या नावाने बाजारात आणली आणि पुढची पंधरा-वीस वर्षं जगभरच्या मोजमापाच्या यंत्रांवर तिचं राज्य होतं. आत अगदी कमी दाबाचा निऑन वायू असतो. समोर बारीक जाळी, तिच्यामागे दहा आकडे. जाळी आणि हवा तो आकडा यांच्यात साधारण १७० व्होल्टचा दाब दिला की त्या आकड्याभोवतीचा वायू नारिंगी उजळतो. पत्रा तापत नाही. उजळतो तो त्याला लपेटून राहिलेला वायूचा पातळ थर. म्हणून आकड्याच्या कडा मऊ दिसतात आणि मागचा आकडा लागला की उजेड पुढच्या आकड्यांच्या फटींतून येतो. एकच आकडा महिनोन्‌महिने लावून ठेवला तर त्याचे उडालेले कण बाकीच्या आकड्यांवर बसतात आणि ते आकडे मग अर्धवट पेटतात. तुमची ट्यूब लावणार असाल तर दहाही आकडे आळीपाळीने लावत जा, विजेच्या वाटेत योग्य रेझिस्टर असल्याशिवाय लावू नका आणि १७० व्होल्टला हात लावू नका. अशा बऱ्याच ट्यूबांत पाऱ्याचा अंश असतो, त्यामुळे फोडूनही पाहू नका.

आता रॉकेटचं. आयएन-१२ ही व्होल्टमीटर, गणक यंत्रं, प्रयोगशाळेतली घड्याळं यांत लाखोंनी वापरली गेलेली साधी ट्यूब आहे. तुमची ट्यूब रॉकेटातून आली याला कसलाही पुरावा नाही आणि ती तशी नसण्याचीच शक्यता फार मोठी आहे. निक्सीचं काम जमिनीवर होतं. अपोलो यानाच्या संगणकाचं उदाहरण घ्या. त्यावर २१ अंक दिसत, पण त्यासाठी निक्सी घेतली नव्हती. विद्युतदाबाखाली स्वतःच उजळणाऱ्या फॉस्फरच्या पातळ थराचे तुकडे होते, रिलेंनी चालू-बंद होणारे, हिरवट उजेडाचे. चंद्रावर उतरताना आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांना १२०२ हा धोक्याचा इशारा दिसला तो याच अंकांत.

पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'होय' असं आहे आणि ते मला फार मोलाचं वाटतं. अंतराळयुगाच्या पहिल्या दशकात वरून आलेले कितीतरी आकडे आणि कितीतरी चित्रं कुठल्या ना कुठल्या काचेच्या नळीतून माणसाच्या डोळ्यापर्यंत पोचली. त्यातल्या सर्वांत विलक्षण नळ्या अशा होत्या की त्यांच्याकडे कोणी माणूस बघतच नव्हता. बघत होतं दुसरं यंत्र.

लूना-३ घ्या. ७ ऑक्टोबर १९५९ला या सोव्हिएत यानाने चंद्राची आपल्याला कधीच न दिसणारी बाजू टिपली. २९ छायाचित्रं, तीही साध्या फिल्मवर. फिल्म पृथ्वीवर परत आणायची सोय नव्हती. मग यानातच ती धुतली, स्थिर केली, वाळवली. पुढे काय? इथे ट्यूब आली. यानात एक लहान कॅथोड-रे ट्यूब होती, म्हणजे आपल्या जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची धाकटी बहीण. तिच्या पडद्यावर चित्र उमटत नव्हतं. उमटत होता फक्त एक प्रखर ठिपका. तो ठिपका फिल्मवरून रेषेरेषेने सरकायचा. फिल्म जिथे गडद तिथे उजेड कमी पार व्हायचा, जिथे फिकी तिथे जास्त. पलीकडे बसवलेला प्रकाशग्राहक हा कमी-जास्तपणा विजेच्या संकेतात बदलायचा आणि तो संकेत रेडिओने पृथ्वीवर यायचा. यान लांब असताना हे काम फार संथ चालायचं, जवळ आल्यावर वेग वाढवता आला. शेवटी १७ चित्रं हाती लागली. ती धूसर होती, पण माणसाने चंद्राची पाठ पहिल्यांदा पाहिली ती त्यांच्यातच.

अमेरिकेच्या लूनार ऑर्बिटर यानांनी हीच युक्ती पुढे नेली. १९६६ आणि १९६७ या दोन वर्षांत अशी पाच यानं गेली आणि पाचही यशस्वी झाली. त्यांतली ट्यूब आणखी वेगळी होती. प्रखर ठिपका एकाच जागी राहिला तर फॉस्फर जळतो, म्हणून तिच्या आत पडद्याऐवजी फॉस्फर लावलेला फिरता ढोल बसवला होता. इलेक्ट्रॉनचा झोत दर क्षणी ढोलाच्या ताज्या भागावर पडायचा. निर्वात काचेच्या आत फिरणारा ढोल, तोही चंद्राभोवती घिरट्या घालणाऱ्या यानात! पृथ्वीवर आलेला संकेत पुन्हा एका ट्यूबवर रेषेरेषेने उमटवून ३५ मिलिमीटर फिल्मवर घेतला जायचा आणि त्या पट्ट्या शेजारी-शेजारी जोडून पूर्ण चित्र व्हायचं. लूनार ऑर्बिटरच्या जुन्या छायाचित्रांत आडव्या-उभ्या पट्ट्या दिसतात त्या यामुळे. अपोलोला उतरायच्या जागा याच चित्रांवरून निवडल्या.

माझ्या मते या घराण्यातली सर्वांत सुंदर ट्यूब मात्र कॅरॅक्ट्रॉन. जोसेफ मॅक्नेनी या अभियंत्याने ती कॉन्व्हेअर कंपनीत घडवली. हीच कंपनी अ‍ॅटलास रॉकेट बांधत होती आणि २० फेब्रुवारी १९६२ला जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला गेले ते अ‍ॅटलासवरूनच. साध्या ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत टोकदार असतो आणि अक्षर काढायचं तर त्याला पडद्यावर गिरवावं लागतं. कॅरॅक्ट्रॉनमध्ये झोताच्या वाटेत धातूची एक चिमुकली जाळी असे. तिच्यात अक्षरं, आकडे, खुणा यांची छिद्रं कोरलेली. रांगोळीच्या छाप्यातून पीठ पडावं तसा झोत हव्या त्या छिद्रातून जायचा आणि पलीकडे निघताना त्याचाच आकार 'अ' किंवा '७' असा झालेला असायचा. मग झोत वळवणाऱ्या पट्ट्या त्याला ओढून पडद्यावर हव्या त्या जागी नेऊन ठेवायच्या. गिरवणं नाहीच. अख्खं अक्षर एका फटक्यात. संगणक त्या काळी खोलीभर जागा घेत आणि त्यांचा छापखाना फार मंद होता, अशा वेळी ही गती किती मोलाची होती ते लक्षात घ्या. अमेरिकेच्या हवाई संरक्षणाच्या 'सेज' यंत्रणेत १९ इंची कॅरॅक्ट्रॉन बसवल्या होत्या.

याच ट्यूबसमोर फिल्मचा कॅमेरा बसवून स्ट्रॉमबर्ग-कार्लसनने एससी-४०२० नावाचं यंत्र तयार केलं. संगणकाने चुंबकीय फितीवर लिहिलेलं उत्तर ते ट्यूबवर उमटवून थेट फिल्मवर घ्यायचं. नासाच्या केंद्रांतही ती यंत्रं होती. पण त्यावर झालेलं मला सर्वांत आवडणारं काम न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेतलं आहे. तिथे एडवर्ड झेजॅक यांच्यापुढे एक गणित होतं. संदेशवहनाच्या उपग्रहाची एक बाजू सतत पृथ्वीकडे राहायला हवी. उपग्रहाचा पृथ्वीजवळचा भाग लांबच्या भागापेक्षा किंचित जास्त ओढला जातो, या फरकाचा उपयोग करून त्याला सरळ ठेवता येईल का, आणि आत दोन जायरोस्कोप बसवले तर त्याचं हेलकावणं शमेल का? गणिताचं उत्तर होतं कोनांच्या आकड्यांची लांबच लांब रांग. ती वाचून उपग्रह नेमका कसा हलतोय हे डोळ्यांपुढे आणणं अवघड. झेजॅक यांनी संगणकाला प्रत्येक क्षणाचं चित्र काढायला लावलं. उपग्रह म्हणजे रेषांची एक पेटी, यथादर्शनात काढलेली, आणि पृथ्वी म्हणजे एक गोल. ट्यूबवर एकेक चित्र उमटत गेलं, कॅमेरा एकेक चौकट टिपत गेला. १९६३मध्ये चित्रपट तयार झाला. त्यात पेटी पृथ्वीभोवती फिरते, वेडीवाकडी गडगडते आणि हळूहळू एक बाजू पृथ्वीकडे धरून शांत होते. संगणकाने काढलेल्या जगातल्या पहिल्या चित्रपटांत त्याची गणना होते. आज आपण ज्याला संगणकीय अ‍ॅनिमेशन म्हणतो त्याच्या मुळाशी उपग्रहाचं एक गणित आहे, हे आपल्याकडच्या मुलांना शाळेत सांगितलं पाहिजे.

ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातही कॅमेऱ्याने पडदाच पाहिला. अपोलोच्या काळात तिथल्या प्रत्येक टेबलावरचा पडदा संगणकाला थेट जोडलेला नव्हता. संगणक आकडे एका ट्यूबवर उमटवायचा. मथळे आणि चौकटी वेगळ्या स्लाइडवर छापलेल्या असायच्या. दोन्ही एकत्र करून टीव्ही कॅमेरा टिपायचा आणि ते चित्र टेबलांवर जायचं. कोणाला कागदावर प्रत हवी असेल तर बटण दाबायचं, मग ती हवेच्या दाबाने चालणाऱ्या नळातून डबीत घालून यायची. समोरच्या भिंतीवर मोठं टीव्ही चित्र दाखवायला आयडोफोर नावाचे प्रोजेक्टर होते. त्याची कल्पना झुरिकच्या फ्रित्झ फिशर यांची, १९३९ची. त्यात निर्वात जागेत गोलाकार आरशावर तेलाचा पातळ थर असे. इलेक्ट्रॉनचा झोत त्या तेलावर बारीक सुरकुत्या पाडायचा आणि सुरकुती असेल तिथूनच दिव्याचा प्रखर प्रकाश पडद्याकडे वळायचा. तेलावरच्या सुरकुत्यांतून भिंतभर चित्र!

सर्वांत हळहळ वाटते ती अपोलो-११च्या चित्राबद्दल. चंद्रावरचा कॅमेरा सेकंदाला १० चित्रं पाठवत होता, प्रत्येकात ३२० रेषा. घरोघरच्या टीव्हीला हे चालणारं नव्हतं. म्हणून कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनला आणि ऑस्ट्रेलियात आलेलं चित्र आधी एका छोट्या पडद्यावर दाखवलं गेलं आणि त्या पडद्यासमोर नेहमीचा टीव्ही कॅमेरा धरला गेला. चुंबकीय तबकडीवर साठवलेली चित्रं पुन्हा पुन्हा वापरून मधल्या चौकटींची भर घातली. २० जुलै १९६९ला जगाने आर्मस्ट्राँगचं पहिलं पाऊल पाहिलं ते ऑस्ट्रेलियातल्या हनीसकल क्रीक केंद्राकडून आलेल्या चित्रात, पण ते पडद्याचं चित्र होतं. आर्मस्ट्राँगची आकृती भुतासारखी आरपार दिसते याला हा प्रवासही कारणीभूत आहे. केंद्रातल्या माणसांना मूळ पडद्यावर ते बरंच स्वच्छ दिसत होतं. मूळ संकेताच्या फितींचा पुढे शोध घेतला गेला. त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाने २००९मध्ये जाहीर केला. फिती त्या काळी महाग होत्या आणि तुटवडा होता हे खरं, तरी हे नुकसान भरून येणारं नाही.

वाचकांपैकी अनेकांची मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत. कॅलिफोर्नियाला गेलात तर माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये सेज यंत्रणेचा मूळ पडदा आणि टेबल पाहता येतं. ह्यूस्टनला गेलात तर अपोलोच्या काळचा नियंत्रण कक्ष २०१९पासून जसाच्या तसा उभा केलेला आहे, अगदी टेबलांवरच्या पडद्यांसकट. आणि झेजॅक यांचा तो चित्रपट इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. घरात शाळेत जाणारं मूल असेल तर त्याला शेजारी बसवून अवश्य पाहा.