शेअर वधारला, तरी कॉल का घसरला?

काही महिन्यांपूर्वी आमच्या शाखेचे एक जुने खातेदार, निवृत्त शिक्षक, हातात दलालाकडील हिशेबाचा कागद घेऊन आले. एका कंपनीचे तिमाही निकाल उत्तम लागणार, या अंदाजाने त्यांनी तिच्या शेअरचा कॉल ऑप्शन घेतला होता. निकाल उत्तम लागले, शेअरही वधारला. कॉलची किंमत मात्र निम्म्याहून खाली आली. "साहेब, यात कुणी लबाडी तर केली नाही ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

लबाडी नव्हती. सोयीसाठी आकडे पूर्णांकात घेऊ. शेअरचा भाव १,००० रुपये, करारातील खरेदीकिंमत १,०४० रुपये, मुदत संपण्यास १० दिवस आणि प्रीमियम १८ रुपये. एका लॉटमध्ये ५०० शेअर, म्हणजे एकूण खर्च ९,००० रुपये. दोन दिवसांनी शेअर १,०२० रुपयांवर गेला आणि कॉल ८ रुपयांवर आला.

मुळात कॉल म्हणजे शेअर नव्हे. ठरलेल्या किमतीला, ठरलेल्या मुदतीपर्यंत तो घेण्याचा केवळ हक्क होय. जमिनीच्या व्यवहारातील इसाराची येथे आठवण होईल. परंतु इसार पुढे किमतीत वळता होतो, प्रीमियम होत नाही. बाजारभाव १,०४०च्या खाली असेपर्यंत या हक्काला आंतरिक मूल्य शून्य असते. मग १८ रुपये कशाचे? ते केवळ शक्यतेचे. उरलेल्या दिवसांत शेअर १,०४०च्या बराच वर जाईल, या शक्यतेची ती किंमत असते.

ही शक्यता दोन गोष्टींवर पोसली जाते: उरलेला काळ आणि अपेक्षित चढउतार. फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांनी १९७३ साली मांडलेल्या सूत्रात या दोहोंना स्थान आहे. शेअर पुढे वर जाईल की खाली, याविषयीच्या मताला मात्र त्यात स्थान नाही, हे वाचकांनी आवर्जून ध्यानात घ्यावे.

त्या सूत्राने आमच्या खातेदारांचा हिशेब मांडला. शेअर जागच्या जागी राहिला असता, तर दोन दिवसांचा काळच १८ रुपयांतील सुमारे साडेतीन रुपये खाऊन गेला असता. शेअरमधील २० रुपयांची वाढ धरली, तर कॉल २२ रुपयांवर जायला हवा होता. तो गेला नाही, कारण निकालापूर्वी बाजार वार्षिक ५० टक्के दराने चढउतार गृहीत धरून चालला होता. निकाल हाती येताच अनिश्चितता सरली आणि तोच दर २५ टक्क्यांवर आला. शेअर वाढल्याने जे मिळाले, त्याच्या जवळजवळ दुप्पट या एका बदलाने हिरावून घेतले. गुरुजींनी शेअरची दिशा बरोबर ओळखली होती. परंतु उत्सुकतेची किंमत सर्वाधिक असताना त्यांनी ती विकत घेतली होती.

हे एकट्यादुकट्या शेअरपुरते नाही. लोकसभा निकालाच्या दिवशी, ४ जून २०२४ रोजी, निफ्टी जवळजवळ ६ टक्के कोसळला. दुसऱ्या दिवशी तो ३ टक्क्यांहून अधिक सावरला, तर अपेक्षित चढउतार मोजणारा इंडिया व्हीआयएक्स त्याच दिवशी चौथाईहून अधिक उतरला. अशा दिवशी कॉलधारकाचा एक हात मिळवतो आणि दुसरा गमावतो.

आणखी एक साधी बाब. दूरच्या किमतीच्या कॉलमध्ये सौदे क्वचित होतात. पडद्यावर दिसणारा शेवटचा भाव कधीकधी काही तासांपूर्वीचा असतो आणि शेअर तोवर पुढे निघून गेलेला असतो. अशा वेळी खरेदी-विक्रीचे चालू देकार पाहावेत.

आपल्याकडे एकेका शेअरचे ऑप्शन २००१च्या जुलैत आले. सेबीच्या सप्टेंबर २०२४च्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात वायदे व ऑप्शन व्यवहार करणाऱ्या ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला. त्यातील कितीजणांची दिशा बरोबर होती, असा प्रश्न मला तो आकडा वाचताना पडला.

सारे ऐकून गुरुजींनी विचारले, "मग शेअर कितीवर गेला असता, म्हणजे माझे पैसे सुटले असते?" त्या दिवशी साधारण १,०४४, मुदतीच्या दिवशी मात्र दलाली सोडूनही १,०५८. त्यांनी दोन्ही आकडे हिशेबाच्या कागदामागे लिहून घेतले आणि ठेवीच्या नूतनीकरणाचा अर्ज मागितला.