टिक्लिओच्या घाटात गाडी का मरते?

प्रश्न : पेरूमध्ये कार्ब्युरेटरची २५० सीसी मोटरसायकल भाड्याने घेतली. लिमाहून वर चढताना पिकअप गेला, सायलेन्सरमधून काळा धूर येऊ लागला. मेकॅनिकने प्लग बदलला, तरी फरक नाही. इंजिन गेलं का?

उत्तर : इंजिन ठणठणीत असावं. लिमा समुद्रकाठी, तर टिक्लिओची खिंड ४,८०० मीटरच्या वर, आणि मधलं अंतर जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम ५५ टक्के. हवा विरळ झाली, तरी कार्ब्युरेटर पेट्रोल त्या मानाने कमी करत नाही. मिश्रण रिच होतं. प्लग काढून पाहा : टोकावर कोरडी, काजळासारखी काळी पूड दिसेल. नवा प्लगही तसाच काळा होणार.

मेन जेट एक-दोन नंबर लहान घाला. जेट मिळत नसेल, तर निडलची क्लिप एक खाच वर सरकवा. निडल खाली बसते, पेट्रोल कमी होतं. एअर फिल्टर काढून गाडी पळवण्याचा सल्ला वाटेत हमखास मिळेल. तो ऐकू नका, धूळ सिलिंडर खाऊन टाकते.

एवढं करूनही मैदानातली ताकद येणार नाही. ती फ्युएल इंजेक्शनच्या गाडीलाही येत नाही. खालच्या गियरमध्ये चढा. लिमाला उतरताना मात्र जुनं सेटिंग आठवणीने परत करा, नाहीतर मिश्रण लीन होऊन इंजिन तापेल आणि पिस्टन जाम होईल. हा खर्च जेटपेक्षा फार मोठा.